भुईआवळा आणि मद्रासचे ५९ टक्के

ऑक्टोबर १९८८ मध्ये लंडनहून निघणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मद्रासचा एक छोटा शोधनिबंध छापून आला. यकृताला इजा करणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू रक्तात वागवणाऱ्या लोकांना भुईआवळ्याचे औषध ३० दिवस दिले होते. औषध संपल्यावर १५ ते २० दिवसांनी रक्त तपासले, तेव्हा ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झालेली होती. म्हणजे ५९ टक्के. ज्यांना औषध नसलेल्या कॅप्सूल दिल्या होत्या त्या २३ जणांपैकी फक्त एकाची खूण गेली, म्हणजे ४ टक्के. काही जणांवर नऊ महिन्यांपर्यंत लक्ष ठेवले, खूण परत आली नाही. दुष्परिणाम जवळजवळ नव्हते.

हे ५९ टक्के यकृताच्या वनौषधींवरच्या लिखाणात आजही भेटतात. त्यानंतरच्या सहासात वर्षांत जे घडले ते मात्र क्वचितच भेटते. हे प्रकरण सविस्तर मांडावे असे मला वाटते, कारण घरात कुणी हिपॅटायटिस ‘बी पॉझिटिव्ह’ निघाल्यावर पहिला फोन अनेकदा झाडपाल्याचे औषध देणाऱ्याला जातो, आणि तो फोन करणारी माणसे अडाणी नसतात. त्यांच्यापाशी एक खरी गोष्ट असते, फक्त ती अर्धी असते.

वाहक म्हणजे कोण

हिपॅटायटिस बी रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. प्रौढ माणसाला लागण झाली तर शंभरातले सुमारे ९५ जण काही महिन्यांत आपल्याच प्रतिकारशक्तीच्या जोरावर विषाणू हटवतात. जन्मताना लागण झालेल्या बाळांचे उलटे असते. त्यांतल्या सुमारे ९० टक्के बाळांत विषाणू मुक्काम ठोकतो. विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे प्रथिन, ज्याला सरफेस अँटिजेन म्हणतात (मद्रासच्या निबंधातली ‘खूण’ ती हीच), ते सहा महिन्यांनंतरही रक्तात सापडत राहिले तर त्या माणसाला दीर्घकालीन वाहक मानतात. बहुतेक वाहकांना काहीही होत नसते. ते शेतात राबतात, लोकलने प्रवास करतात, आणि रक्तदान शिबिरात किंवा बाळंतपणाच्या तपासणीत अचानक ही बातमी हाती पडते. पण त्यांतल्या काहींच्या यकृतात वर्षानुवर्षे दाह धुमसत राहतो आणि पुढे सिरॉसिस (यकृत घट्ट होऊन निकामी होत जाणे) किंवा यकृताचा कर्करोग होतो.

दीर्घकालीन वाहकांतही काहींचा सरफेस अँटिजेन आपोआप जातो, पण त्याचे प्रमाण वर्षाला शंभरात साधारण एक इतकेच आहे. आता मद्रासचा आकडा या मापाने पाहा. औषधाचे ३० दिवस आणि त्यानंतरचे १५-२०, असे धरून दीड महिन्याच्या आसपास काळ होतो. एवढ्या काळात ३७ वाहकांपैकी आपोआप बरे होणारे किती? एकही नाही, असेच गणित सांगते. तिथे २२ निघाले. ज्यांनी तेव्हा तो निबंध वाचला त्यांचा श्वास अडकला असेल तर नवल नाही. त्या काळी हिपॅटायटिस बीवर इंटरफेरॉनची महागडी इंजेक्शने सोडली तर हातात फारसे काही नव्हते, आणि तीही थोड्यांनाच लागू पडत.

काविळीने मिळवून दिलेले नाव

भुईआवळा परका नाही. पावसाळ्यात शेताच्या बांधावर, कुंडीत, अंगणातल्या फरशीच्या फटीतही उगवणारे हे वीतभर ते दोन वीत उंचीचे तण. पानांच्या नाजूक डहाळ्या, आणि डहाळीच्या खालच्या अंगाला ओळीने टांगलेली आवळ्याच्या रूपाची इवलीशी हिरवी फळे. आयुर्वेदात भूम्यामलकी, तमिळनाडूत कीळानेल्ली. तिकडेही ती काविळीवरच देतात, इकडेही. ताजे झाड मुळासकट वाटून ताकातून किंवा दुधातून सकाळी अनशापोटी घ्यायचे, तेलतूप बंद, असा रिवाज.

कावीळ म्हटली की आपल्याकडे औषधांची ददात नाही. कुणी गळ्यात पुनर्नव्याच्या मुळ्यांची माळ घालते, ती दिवसागणिक लांब होत जाते आणि कावीळ उतरली असे समजतात. कुणी नाकात देवडांगरीचे थेंब घालते आणि नाकातून पिवळे पाणी वाहते. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन घेते. हे सगळे करून माणसे बरी होतात. ती खरोखरच बरी होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या घरात माणूस उठून बसला त्या घराला तुम्ही खोटे ठरवू शकत नाही.

मात्र ती कशाने बरी होतात, हे पाहायला हवे. आपल्याकडची साथीची कावीळ मुख्यतः हिपॅटायटिस ए आणि ई या दोन विषाणूंची असते, दूषित पाण्यातून येणारी. १९५५-५६ मध्ये दिल्लीत आलेली प्रचंड साथ ई विषाणूची होती, हे कित्येक वर्षांनी कळले. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीने गाव हादरले होते. हे दोन्ही विषाणू बहुतेकांच्या शरीरात घर करून राहत नाहीत. काही आठवडे त्रास देतात आणि शरीर त्यांना बाहेर काढते. अपवाद आहेत आणि ते जीवघेणे आहेत. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ई विषाणूची कावीळ झाली तर मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. अशा बाईला माळ घालून घरी ठेवणे म्हणजे तिचा जीव डावाला लावणे.

दुसरी एक बारीक गोष्ट आहे, जी झाडपाल्याच्या औषधाला नेहमी यश देऊन जाते. पिवळेपणा हा आजाराच्या मागून चालतो. ताप येतो, मळमळ होते, अन्नावरची वासना उडते, तेव्हा यकृताला खरी इजा होत असते, पण तेव्हा डोळे पिवळे झालेले नसतात. डोळे पिवळे होतात तोवर बहुतेकांचा विषाणू माघार घ्यायला लागलेला असतो, ताप गेलेला असतो आणि भूक हळूहळू परतत असते. शिवाय पिवळेपणा आणणाऱ्या बिलिरुबिनचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटून बसतो, आणि अल्ब्युमिनचे अर्धायुष्य अडीच-तीन आठवड्यांचे असते. म्हणून यकृत सावरल्यावरही डोळे पिवळे दिसत राहतात. घरचे लोक औषध आणायला निघतात ते डोळे पिवळे दिसल्यावर, म्हणजे नेमके आजार उताराला लागल्यावर. त्या वेळी दिलेले कोणतेही औषध लागू पडलेले दिसणारच.

भुईआवळ्याचे नाव शतकानुशतके याच काविळीवर घडले. त्यात फसवणूक नव्हती. वैद्याने दिले, रोगी बरा झाला, पुन्हा दिले, पुन्हा बरा झाला. न देता काय झाले असते हे पाहण्याची सोय त्याच्याकडे नव्हती.

फिलाडेल्फियातले वुडचक

हे नाव अमेरिकेत पोहोचले ते फॉक्स चेस कॅन्सर सेंटरमध्ये, बारूक ब्लुमबर्ग यांच्यापर्यंत. ब्लुमबर्ग म्हणजे ज्यांनी १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन पाहिले, त्याला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हटले, आणि पुढे ते हिपॅटायटिस बीच्या विषाणूचे आवरण निघाले. १९७६ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना याच कामासाठी विभागून मिळाले. हिपॅटायटिस बीची पहिली लस त्यांनी आणि अर्व्हिंग मिलमन यांनी कल्पिली. थोडक्यात, या विषाणूबद्दल बोलण्याचा जगात ज्यांना सर्वांत जास्त अधिकार होता, त्यांनीच हे रोपटे हातात घेतले.

वेंकटेश्वरन, मिलमन आणि ब्लुमबर्ग यांच्या गटाचा निबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षानळीत वनस्पतीच्या अर्काने दोन गोष्टी केल्या: विषाणूला स्वतःच्या प्रती काढण्यासाठी लागणारे डीएनए पॉलिमरेज हे विकर रोखले, आणि सरफेस अँटिजेनला तो चिकटला. मग वुडचकवर प्रयोग झाले. वुडचक हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत अमेरिकन प्राणी. त्याच्यात हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा सख्खा भाऊ शोभेल असा विषाणू आढळतो, म्हणून या संशोधनात त्याला फार महत्त्व.

या निबंधातले तपशील नीट वाचण्यासारखे आहेत, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचे बीज तिथेच दिसते. ज्या वुडचकना नुकतीच लागण झाली होती अशा चारांना अर्क पोटाच्या पोकळीत टोचून दिला. त्यांतल्या तिघांच्या रक्तातून विषाणू तीन ते सहा आठवड्यांत गेला आणि औषध थांबवल्यावर ४५ आठवड्यांहून अधिक काळ परतला नाही. जे जुने वाहक होते अशा सहांपैकी पाचांना औषध दिले, एकाला दिले नाही. पाचांत अँटिजेनचे प्रमाण अधिक वेगाने घटले, इतकेच. म्हणजे नव्या लागणीत विषाणू गेला, जुन्या वाहकांत फक्त कमी झाला. अर्क टोचून दिला होता, तोंडाने नाही. आणि प्राणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

शास्त्रज्ञाने इथे उत्साहित व्हावे आणि मोठा प्रयोग आखावा, हे अगदी रास्त. त्यांनी तेच केले. मद्रासमध्ये एस. पी. त्यागराजन यांचा गट हिपॅटायटिसवर काम करत होताच. भारतातली ही वनस्पती शास्त्रीय नावाने ‘फायलॅन्थस निरुरी’ नसून ‘फायलॅन्थस अमारस’ आहे ही दुरुस्तीही दरम्यान झाली, आणि १९८८ चा निबंध अमारसच्या नावाने आला. या निबंधातही ब्लुमबर्ग यांचे नाव आहे.

मद्रासचा निबंध पुन्हा वाचताना

या निबंधावर लबाडीचा आरोप करणे मला अन्यायाचे वाटते. संशोधकांनी त्याला स्वतःच प्राथमिक अभ्यास म्हटले. त्यांनी प्लासिबो गट, म्हणजे औषध नसलेल्या कॅप्सूल घेणाऱ्यांचा गट ठेवला, जे त्या काळी वनौषधींच्या चाचण्यांत सर्रास होत नसे. आपल्या मातीतले औषध जगातल्या सर्वांत कठोर वाचकांपुढे ठेवायला धाडस लागते, आणि ते त्यांनी दाखवले.

तरीही काही प्रश्न आहेत. शेवटच्या मोजणीत एका गटात ३७ आणि दुसऱ्यात २३ जण आहेत. चाचणीत दोन गट इतके असमान दिसले की मधल्या काळात कोण गळाले आणि का, हे विचारायचे असते. औषध लागू पडल्यासारखे वाटणारा माणूस आनंदाने परत येतो. ज्याला काही फरक वाटत नाही तो येत नाही, आणि त्याच्याबरोबर त्याचे रक्तही येत नाही.

दुसरा प्रश्न प्लासिबो गटातल्या त्या एका माणसाचा. सगळे २३ जण खरोखर दीर्घकालीन वाहक असते, तर दीड महिन्यात त्यांतल्या एकाचा अँटिजेन आपोआप जाण्याची शक्यता अगदीच थोडी होती. एकाच माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही, योगायोगही असू शकतो. पण माझे लक्ष त्या एकाकडे जाते ते यासाठी, की वाहक म्हणून निवडलेल्यांत काही जण नव्याने लागण झालेले प्रौढ असतील तर सगळे चित्र बदलते. अशा माणसांत शंभरातले ९५ जण काहीही न घेता बरे होणार असतात, आणि ते औषधाच्या गटात जास्त पडले तर श्रेय औषधाला जाते. म्हणजे काविळीच्या बाबतीत घरात जे शतकानुशतके घडत आले, तेच प्रयोगशाळेच्या दारातून आत येऊ शकते. वुडचकांनी हेच सुचवले होते: नवी लागण आणि जुने वाहकपण या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मुंबईसह चार ठिकाणी

विज्ञानात अशा वेळी वाद घालत बसत नाहीत, प्रयोग पुन्हा करतात. १९९० मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये थायलंडच्या डॉक्टरांचे पत्र आले. लक्षणे नसलेल्या वाहकांना त्यांनी फायलॅन्थस अमारस दिले होते. सरफेस अँटिजेन गेला नाही. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या गटाने मद्रासचे फायदे आपल्याकडे दिसले नाहीत असे प्रसिद्ध केले. १९९४ मध्ये न्यूझीलंडच्या वाहकांवरचा अभ्यास आला. तिथेही निराशा.

या यादीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते मुंबईचे काम. १९९४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी’त आलेल्या या निबंधाच्या लेखकांत डॉ. अशोक वैद्य होते. आयुर्वेदिक औषधांना आधुनिक चाचण्यांच्या कसोटीवर उतरवण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्यांच्यापैकी हे एक. याच निबंधातले सहलेखक अंतरकर यांनी १९८० मध्ये तीव्र काविळीवर आरोग्यवर्धिनीची दुहेरी अज्ञात पद्धतीची चाचणी प्रसिद्ध केली होती, म्हणजे औषध कुणाला आणि प्लासिबो कुणाला हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. ही माणसे आयुर्वेदाची विरोधक नव्हती. भुईआवळा यशस्वी व्हावा असे त्यांना मनापासून वाटत असणार. त्यांनी दोन टप्प्यांत चाचणी केली. सरफेस अँटिजेन हटला नाही. त्यांनी ते तसेच, शीर्षकातच अपयशाचा स्पष्ट उल्लेख करून, छापले. आपल्या आवडत्या औषधाचे अपयश आपल्याच हाताने नोंदवणारी ही मुंबईची परंपरा मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते. आयुर्वेदाचा अभिमान बाळगायचा तर या निबंधाचाही बाळगावा.

मग वनस्पतीत फरक असेल का? हा बचाव तेव्हाही केला गेला आणि तो पोकळ नाही. भुईआवळ्यासारख्या दिसणाऱ्या जाती बऱ्याच आहेत आणि एकाच बांधावर दोन-तीन सापडू शकतात. फायलॅन्थस युरिनेरियाचे खोड तांबूस आणि फळ खरखरीत असते, ते डहाळीला जवळजवळ चिकटलेले असते. अमारसचे फळ गुळगुळीत आणि बारीक देठावर लोंबते. फ्रॅटर्नसच्या फुलाला सहा दले, अमारसच्या फुलाला पाच. ती पाहायला भिंग लागते. बाजारातल्या वाळलेल्या भुकटीत हे काहीच कळत नाही. शिवाय माती, पाऊस आणि तोडणीचा महिना यांनी रोपातल्या द्रव्यांचे प्रमाण बदलते.

या शंकेचीही तपासणी झाली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या अभ्यासात तीन निरनिराळ्या ठिकाणची तीन फायलॅन्थस औषधे दीर्घकालीन रोग्यांना दिली. युरिनेरिया घेणाऱ्यांत ई अँटिजेन (बी विषाणू जोमाने वाढत असल्याची रक्तातली दुसरी खूण) जाण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसले, म्हणजे जातीजातींत फरक असू शकतो. पण सरफेस अँटिजेन? तो कुणाचाच गेला नाही. पुढे २०११ मध्ये कॉक्रेन संस्थेने तोवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, आणि दीर्घकालीन हिपॅटायटिस बीसाठी फायलॅन्थस वापरावे असे सांगण्याइतका भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही.

मला वाटते, इथे निर्णय घेता येतो. भुईआवळा हिपॅटायटिस बीच्या वाहकाचा विषाणू हटवतो, हे म्हणणे टिकले नाही. वनस्पतीचा बचाव अर्धवट खरा आहे, पण जे औषध एका शहरात ५९ टक्क्यांना लागू पडते आणि बाकी सगळीकडे जवळजवळ कुणालाच नाही, त्याच्या पहिल्या मोजणीत काहीतरी निसटले होते असे मानणे अधिक रास्त आहे.

याचा अर्थ झाड निरुपयोगी असा होत नाही. त्यातली फायलॅन्थिन, हायपोफायलॅन्थिन ही द्रव्ये यकृताच्या पेशींना विषारी रसायनांपासून काही प्रमाणात वाचवतात असे प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर दिसले आहे. परंतु ‘यकृताला चांगले’ हा दावा इतका सैल आहे की तो खोटा ठरूच शकत नाही. कोणत्या आजारात, कोणत्या टप्प्यावर, रक्तातला कोणता आकडा किती दिवसांत बदलेल? एवढे विचारले की दाव्याची कसोटी लागते. मद्रासच्या संशोधकांनी नेमका दावा केला म्हणूनच तो तपासता आला, आणि त्यासाठी त्यांचे ऋण मानायला हवे.

आज घरात वाहक असेल तर

आता १९८८ नाही. टेनोफोविर किंवा एन्टेकाविरची रोज एक गोळी विषाणूची वाढ दाबून धरते. ती गोळीसुद्धा सरफेस अँटिजेन क्वचितच घालवते, हे आधीच सांगायला हवे, कारण इथेच माणसे फसतात. वर्षभर गोळी घेतली, तपासणीत अजून पॉझिटिव्हच येते, मग या औषधाचा उपयोग काय, असे वाटून गोळी बंद होते आणि चूर्ण सुरू होते. गोळीचे काम त्या तपासणीत दिसत नाही. ते विषाणूच्या डीएनएच्या तपासणीत आणि पुढे न झालेल्या सिरॉसिसमध्ये दिसते. आणि ती अचानक थांबवली तर दबलेला विषाणू उसळून यकृत काही आठवड्यांत निकामी होऊ शकते. भुईआवळ्यापासून होणारे सर्वांत मोठे नुकसान हे असे आहे, रोपटे स्वतः फारसे विषारी नसताना होणारे. ज्याला चूर्ण घ्यायचेच आहे त्याने ते यकृताच्या डॉक्टरला सांगून घ्यावे, गोळीच्या जागी नव्हे. आणि डॉक्टरांनीही ते ऐकल्यावर रोग्याला झिडकारू नये. झिडकारलेला रोगी चूर्ण सोडत नाही, सांगणे सोडतो.

प्रत्येक वाहकाला गोळी लागतेच असेही नाही. विषाणूच्या डीएनएचे प्रमाण, एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारा रक्तातला आकडा), यकृताचा ताठरपणा, वय आणि घरातला कर्करोगाचा इतिहास पाहून ते ठरते. गोळी न लागणाऱ्यालाही ठरावीक काळाने तपासणी लागते, कारण हिपॅटायटिस बीमध्ये सिरॉसिस न होताही यकृताचा कर्करोग होऊ शकतो. धोका जास्त असलेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगतात. ‘काही होत नाही ना, मग चूर्ण चालू ठेवा’ या सल्ल्यात सगळ्यांत वाईट भाग चूर्णाचा नसून बुडालेल्या तपासण्यांचा असतो.

रोपटे निसर्गातले म्हणून यकृताला निर्धोकच, हा समजही बाजूला ठेवावा. कोविडच्या पहिल्या वर्षात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघरी गुळवेल उकळली गेली, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी असे म्हटले. त्यानंतर देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून आणखी रोग्यांची नोंद केली. त्यांत आधीपासून स्वयंप्रतिकारक आजाराकडे कल असलेल्यांना जास्त त्रास झालेला दिसला. भुईआवळ्याबाबत असे काही मोठ्या प्रमाणावर दिसलेले नाही. पण आरोग्यवर्धिनीसारख्या यकृताच्याच प्रसिद्ध औषधात कुटकीबरोबर पारा आणि ताम्रभस्मही असते, आणि ते वैद्याच्या देखरेखीशिवाय महिनोन्महिने घेण्याची वस्तू नव्हे, हे वैद्यच सांगतील.

साध्या साथीच्या काविळीत ज्याला ताकातून भुईआवळा घ्यायचा आहे त्याच्याशी माझे भांडण नाही. फक्त रक्ताची एक तपासणी आधी करून घ्या, कावीळ ए-ईची आहे, बीची आहे, की पित्तनळीत खडा अडकून आली आहे हे कळू द्या. आणि रोगी झोपेच्या वेळा उलटसुलट करू लागला, बरळू लागला, उलट्या थांबेनात, नाकाहिरड्यांतून रक्त येऊ लागले किंवा रक्त गोठण्याच्या तपासणीत आयएनआर वाढलेला निघाला, तर तासाचाही उशीर न करता मोठ्या रुग्णालयात न्या. गरोदर बाईच्या बाबतीत या खुणांची वाटही पाहू नका.

वाहक सापडला की पुढचे काम त्याच्या एकट्याचे नसते. आई, भावंडे, जोडीदार, मुले यांची एकदा तपासणी व्हायला हवी. जे निगेटिव्ह असतील त्यांना लस द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक हिपॅटायटिस बीसह जगत होते, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना ते ठाऊक नाही. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात विचारले तर जवळचे केंद्र कळते. आणि आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन मिळायला हवे. बाळंतपण कुठे होणार आहे त्या ठिकाणी दोन्हींची तजवीज आहे का, हे सातव्या महिन्यातच विचारून ठेवावे.